ओपलबाईंची कबुली

ओपल ट्रेडवेनं रेनो शहरातल्या नदीकाठच्या कॅसिनोत पेयांचे ट्रे वाहण्यात उमर घालवली. गुडघे तिथंच गेले. नवरा तान्ह्या लेकीला, जोलीनला, तिच्या ओटीत टाकून कधीच निघून गेला होता.

ट्रे वाहणाऱ्या पोरींना मिळालेली टीप एका सामायिक पेटीत पडायची आणि पाळीप्रमुख ग्रेडी त्यावर हळूच हात मारायचा. एकदा ओपलनं त्याला रंगेहाथ पकडलं आणि तडक पोलीस ठाणं गाठलं. तिथला हवालदार गोड बोलला, "बाई, हे तुमचं आपसातलं. मालकाशी बोला." मालकानं ग्रेडीला निरोपाचा केक कापून दुसऱ्या शाखेत पाठवलं, आणि ओपलच्या पाळ्या निम्म्यावर आणल्या. पोर लहान होती. ओपल गप्प बसली.

निवृत्तीनंतरही ती सकाळी तिथंच अंडी-बटाटे खायला जायची. जोलीन आता तिथं जुगाराच्या टेबलांवर देखरेख करत होती. लेक येता-जाता दिसायची, तेवढंच.

एका सकाळी जुगाराच्या मशीनसमोरच्या खुर्चीवर कुणाची तरी, खेळून उरलेल्या पैशांची मशीननं दिलेली चिठ्ठी पडली होती. रक्कम एका न्याहारीची. शेजारच्याला विचारलं, त्यानं खांदे उडवले. ओपलनं ती मशीनमध्ये सारली, खेळली, हरली आणि कॉफी प्यायला बसली.

पहारेकरी हेक्टर आला. मान खाली. "ओपलबाई, जरा चला माझ्याबरोबर."

"काय रे, लग्नाची मागणी घालतोस की काय?"

तो हसला नाही. कॉफी निवायच्या आत पोलीस हजर.

"अहो, त्या चिठ्ठीचे पैसे भरून देते ना!"

"भरलं तरी चोरी ती चोरीच, बाई. हात मागे घ्या."

"आणि ग्रेडीनं आमचे खाल्ले तेव्हा?"

"कोण ग्रेडी?" पोरगेल्या पोलिसानं खरोखरच विचारलं.

बेड्या घालून नेताना ओपलनं टेबलांकडे पाहिलं. जोलीन पाठ करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी लेक घरी आली. "आई, तू ते उचललंसच का गं?"

"पडलं होतं."

"कॅमेऱ्यातली बाई कोण, ते वरच्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. आता साक्षीला बोलावणारेत."

वकील म्हणत होता, लढू, सुटाल. ओपलनं ऐकलं नाही. आईविरुद्ध बोलायला लेकीला उभं करायचं नव्हतं. तिनं गुन्हा कबूल केला. दंड झाला, आणि कॅसिनोची पायरी चढायला जन्मभर बंदी.

नातीचं लग्न त्याच कॅसिनोच्या हॉलमध्ये ठरलेलं होतं.

"जागा बदलते मी," जोलीन म्हणाली.

"नको गं. पोरीची हौस आहे."

लेक पुन्हा एकदा म्हणेल म्हणून ओपल थांबली. जोलीननं विषय बदलला.

लग्नादिवशी ओपल निळा झगा घालून समोरच्या पुलावर उभी राहिली. बऱ्याच वेळानं जोलीन उंच टाचांवर धडपडत आली. हातात जेवणाची बशी होती.

"मी 'ओळखत नाही' म्हणायला हवं होतं, आई."

"मग तुझी नोकरी गेली असती." ओपलनं तिच्या गालावरचं काजळ पुसलं. "नवरी कशी दिसतेय?"

"तुझ्यासारखी."

आतून कुणीतरी जोलीनला हाक मारली. तिनं आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि ती गेली.

ओपलनं बशीतलं काही खाल्लं नाही. नातीला एकदा पाहून जाऊ म्हणून ती तशीच उभी राहिली. नवरा-नवरी मागच्या दारानं निघून गेल्याचं तिला पाहुणे पांगल्यावर हेक्टरनं सांगितलं.