बोंबलाच्या पेटीतली बाटली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर उतरणीला लागल्यासारखं खाली खाली जातं. हे वाचणारं कोणी नाही, तरी चुकून कोणाच्या हाती लागलं तर आधीच माफी मागते. तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून लिहिते.

माझी एक किडनी आमच्या ह्यांच्या पोटात आहे. दिली तेव्हापासून सासरी पाठवलेल्या लेकीसारखी तिची चौकशी करते, "बरी आहे ना माझी?" हे म्हणतात, "तुझीच ना, तक्रारी असणारच."

या उन्हाळ्यात ह्यांच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायची घाण, थोडं वर चढलं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बसवलेल्या किडनीला आतून इजा झाली किंवा व्रण धरू लागला, तर रक्तात ते उशिरा कळतं, पण लघवीत त्याच्या खुणा आधी उतरतात. त्या शोधायची नवी तपासणी आहे. खुणा निघाल्या तर सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढून बघायचा. मी मान हलवत होते, पण डोक्यात एकच होतं. ही गेली तर द्यायला माझ्याकडे दुसरी नाही.

तपासणी आणि सुई, दोन्हींचे पैसे माहीमच्या वन्संनी दिले. हे माहीम मुंबईचं नाही, आमच्याकडचं; तिथे त्यांची पानवेलीची वाडी आहे. देताना म्हणाल्या, "परत पायजेत हां. किडनी दिलीस म्हणून सूट नाय."

लघवीची बाटली बर्फात ठेवून बोईसरला पोचवायची होती. ह्यांची पहिली पाळी, म्हणून ते बाटली हातात देऊन कंपनीत गेले. बेटेगावात आमच्या दारावर मासळी विकायला एक मावशी येते. तिने थर्मोकोलची पेटी दिली, बर्फासकट. बोंबलाचा वास त्या पेटीत कायमचा मुरलेला.

शेअर रिक्षात शेजारी एक म्हातारी बसली. तिने दोनदा वास घेतला.

"काय घेतलंस गो?"

मला परक्या माणसांशी बोलता येत नाही. त्यात भरल्या रिक्षात लघवी हा शब्द जीव गेला तरी निघाला नसता. मी मान खाली घातली.

"ताजा हाय?"

"आज सकाळचाच," मी म्हटलं. गेलं ते तोंडातून.

म्हातारीने झाकणाला हात घातला. मी पेटी कवटाळून तिच्यावर जवळजवळ आडवी झाले. म्हातारी फुगली. "बघितला तर काय मी खाऊन टाकते?" पुढून रिक्षावाल्याने हिंदीत सल्ला दिला, की स्टेशनाजवळ याहून स्वस्त मिळतो.

तिथून जे हसू सुटलं ते थांबेना. बोईसरच्या तपासणीकेंद्रातल्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं, मी पदर तोंडात कोंबून उभी. तिने बाटली काढली, हुंगली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी कसंबसं म्हटलं, "पेटी मासळीची आहे. बाटली ह्यांची." मग तीही टेबलावर डोकं ठेवून हसली.

निकाल येईपर्यंत मात्र ते हसू कुठे गेलं कोण जाणे. ह्यांनी कूस बदलली तरी माझ्या कमरेत कळ यायची. एका दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ह्यांनी मलाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. "इजेच्या किंवा व्रणाच्या खुणा नाहीत. सध्या सुई नको. उन्हात पाणी कमी पडतंय, ते वाढवा. रक्त पुन्हा तपासू."

माझ्या हातात आमटीचा डाव होता. तो घेऊन मी स्वयंपाकघरात गरगर फिरायला लागले. हे मला थांबवायला आले आणि तेही फिरायला लागले. शेजारीण खिडकीतून बघत होती, ते दिसूनही मी थांबले नाही. असं माझ्या हातून कधीच झालं नव्हतं.

सुईचे पैसे त्याच रविवारी वन्संना परत केले. तपासणीचे मात्र खर्च झाले होते. एका कपड्याच्या कंपनीतून शिवलेल्या कपड्यांचे धागे कापायचं काम घरी येतं, त्यातून ते साठवले आणि गणपतीआधी माहीमला नेले. वन्सं वाडीत उभ्या राहून अंगठा ओला करून मोजत होत्या आणि नेमकी तेव्हाच ह्यांनी म्हातारीची गोष्ट सुरू केली. वन्सं इतक्या हसल्या की नोटा वेलींच्या मुळाशी पाण्याच्या पाटात सांडल्या. आम्ही तिघं वाकून वेचायला लागलो. त्यांनी पदराला पुसत पहिल्यापासून मोजल्या.

"पुरे भरले," त्या म्हणाल्या आणि ओल्या नोटा कमरेला खोचल्या.