हात दाखवून वळणारा खलनायक

मास्तरांनी गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना शिकवायची त्यांची तयारी होती. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. वर्षानुवर्षं तो दाबून पायाला अशी सवय जडली होती की जेवायला बसले तरी तो मधूनच जमीन दाबायचा. बायको म्हणायची, "अहो, ताट कुठे पळून चाललेलं नाही." ती स्वतः त्यांच्याकडे एकच दिवस शिकली आणि संसार टिकवायचा म्हणून दुसऱ्या दिवसापासून बसने जाऊ लागली.

त्यांची मुलगी टीव्हीसाठी बनणाऱ्या एका सिनेमात सर्वांत धाकटी सहायक होती. सिनेमा हेरगिरीचा, पण गमतीचा: गुप्त नकाशा पळवणारा खलनायक आणि त्याच्या मागावर एक विसराळू गुप्तहेर. पाठलागाच्या दिवशीच खलनायकाची गाडी चालवणाऱ्याची पाठ धरली. सगळे डोक्याला हात लावून बसले असताना मुलगी बोलून गेली, "माझे बाबा चालवतील." दिग्दर्शक बाई तयार झाल्या, पण पुढच्या सिनेमात तिला घ्यायचं की नाही हे त्या आजच्या कामावरून ठरवणार होत्या. मुलीने फोनवर हे वडिलांना सांगितलं, तेव्हा मास्तर जेवण अर्धं टाकून निघाले.

काळी हॅट घालून आणि खोट्या मिशा लावून मास्तर गाडीत बसले. गाडी भरधाव चौकात आली आणि वळण्याआधी तिचा इंडिकेटर लुकलुकू लागला. बाईंनी समजावलं की पळणारा चोर आपण कुठे वळणार हे सांगत नाही. मास्तरांना ते अगदी पटलं. दुसऱ्या वेळी त्यांनी इंडिकेटरला हात लावला नाही, पण पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी गाडी थांबवली. तिथे घाबरून उडी मारण्यासाठी एका नटाला उभं केलं होतं. मास्तरांनी त्याला खुणेने आधी जाऊ दिलं. तोही बिचारा आभार मानून रस्ता ओलांडून गेला. तिसऱ्या वेळी पुन्हा इंडिकेटर. शेवटी मेकॅनिकने त्याची वायरच काढून टाकली.

ऊन उतरू लागलं होतं. आता एकदाच जमणार होतं. मुलगी गाडीच्या खिडकीशी आली. तिचा चेहरा एवढासा झाला होता, पण ती रागावली नाही. म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी एकदाच वाईट गाडी चालवा."

"चालवतो, बाळ," मास्तर म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले.

या खेपेला त्यांनी गाडी अशी सोडली की धूळ उडाली. पट्ट्या मागे पडल्या, मास्तर थांबले नाहीत. वळण आलं. टायर किंचाळले, आणि त्याच क्षणी खिडकीतून मास्तरांचा हात आपसूक बाहेर आला. सरळ, ताठ, प्रत्येक विद्यार्थ्याला ते पहिल्या दिवशी शिकवत तसा. मागून गुप्तहेराची गाडी येत होती. तिचा ड्रायव्हर त्यांचाच जुना विद्यार्थी. मास्तरांचा हात दिसताच त्याचाही हात बाहेर आला. चोर आणि हेर दोघेही शिस्तीत हात दाखवून, वाऱ्याच्या वेगाने वळून दिसेनासे झाले.

मुलीने डोळे मिटून घेतले. मग कॅमेरा धरलेल्या माणसाचे खांदे हलू लागले आणि पाठोपाठ बाईंना असं हसू फुटलं की त्या खुर्चीत बसल्या. इतका सभ्य खलनायक आपल्याला सुचलाच नसता, असं त्या डोळे पुसत म्हणाल्या आणि आधी वाया गेलेले तुकडेही त्यांनी ठेवायला सांगितले.

सिनेमा लागला त्या दुपारी निम्मी गल्ली मास्तरांच्या घरात होती. खिडकीतून हात बाहेर आला तशी बायको म्हणाली, "हात यांचाच. घड्याळाचा पट्टा मी आणलेला आहे." विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर मात्र टीव्हीकडे कमी आणि फोनकडे जास्त बघत होते.

फोन वाजला. मुलगी म्हणाली, "बाबा, बाईंनी मला घेतलं." मग पुढे सांगितलं, "तुम्हाला मात्र नाही हं. पुढचा पाठलाग होडीतून आहे."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. मग बायकोला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "होडीत वळताना काय दाखवतात गं?"