आरशात न दिसलेली मोटरसायकल

आमच्या माडांच्या बागेत, समुद्राच्या इतक्या जवळ, पक्की खोली बांधायला परवानगी मिळत नाही. म्हणून पर्यटकांसाठी आम्ही चाकांवरची खोली करून घेतली, कॅम्पर ट्रेलर. तो कोल्हापुरात तयार होत होता. नवरा कामावर नजर ठेवायला चार दिवस आधीच मोटरसायकलवरून गेला होता. ट्रेलर ओढून आणायला मी पिकअप घेऊन गेले.

ती मोटरसायकल मला डोळ्यांसमोर नकोच असते. आदल्या वर्षी आमचं भांडण झालं, कशावरून ते लिहायचीही आता लाज वाटते, तेव्हा तो तिच्यावर बसून थेट मुंबईला थोरल्या बहिणीकडे निघून गेला. अकरा दिवस. भेटेल त्याला मी ते सांगत सुटले होते. तेव्हापासून तिचा आवाज दूर जायला लागला की हातातलं काम टाकून मी तो कुठल्या बाजूला वळतोय ते ऐकत राहते.

परत निघताना तो म्हणाला, "ट्रेलर मी हाकतलंय. तुका जमाचा नाय." रोज नारळ भरून पिकअप बाजारात मीच नेते, पण म्हटलं, जाऊ दे. हौद्यात गाद्या आणि पाण्याची टाकी होती, म्हणून मोटरसायकल ट्रेलरच्या मागच्या टोकाला चौकटीवर बांधली. करूळ घाटाचा उतार लागला आणि ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा, मग पार दरीच्या बाजूला. त्याने कसाबसा वेग उतरवून गाडी कडेला घेतली.

चिरे भरून वर चढणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, बघून हसला. "सगळा वजन शेपटेक बांधलात, मगे हालात नाय तर काय करात? ती फटफटी काडा आणि चलवन व्हरा."

म्हणजे मोटरसायकल नवऱ्याने चालवायची आणि ट्रेलर मी न्यायचा. "तू फुडे हो. मी पाठसून येतंय," तो म्हणाला. त्या दिवशी याहून वाईट वाक्य मला कुणी ऐकवू शकलं नसतं.

ट्रेलर पिकअपपेक्षा रुंद. दोन्ही आरशांत नुसती त्याची पांढरी भिंत. मागे कोण आहे काही कळेना. वैभववाडी गेली. तळेऱ्याला हायवे लागतो, उजवीकडे मुंबई, डावीकडे घर. डावीकडे वळताना उजव्या आरशात क्षणभर मुंबईचा रस्ता दिसला. रिकामा होता. पण मी पुढे गेल्यावरही तो रिकामाच राहील, हे कोण सांगणार?

कसालच्या वळणावर एसटी बंद पडलेली. सगळ्या गाड्या खोळंबल्या. मी त्याला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. खाली उतरून ट्रेलरच्या मागे दहा पावलं गेले असते तर कळलं असतं. पण मागे तो नसला तर, या भीतीने पाय उचलेना. आणि मला भीती वाटली की राग येतो. मी मुंबईला नणंदेला फोन लावला. "वन्सं, तुमचो भाव परत पळालो. जित्याची खोड!" मग एका दमात त्याचं सगळं उणंदुणं काढलं.

घरी पोचून बागेत गाडी लावली, इंजिन बंद केलं. तरी एका इंजिनाचा आवाज येतच होता. मागे जाऊन बघते तर ट्रेलरला अगदी चिकटून तो उभा, मोटरसायकलचा इंडिकेटर लुकलुकत.

"ट्रेलरचे पाठले दिवे बंद आसत," तो म्हणाला. "फटफटी काडताना वायर तुटली वाटता. तू ब्रेक मारलंस तरी पाठल्यांका कळाचा नाय, म्हणान घाटापासना पाठीकच होतंय. हॉर्न मारलंय, तुका आयकाक नाय इलो. तुजो फोन माका हेल्मेटात आयकाक नाय इलो."

मी तोंड उघडणार तोवर त्याचा फोन वाजला. बहिणीचा आवाज दोन हातांवरून मला ऐकू येत होता. मध्ये एकदाच तो म्हणाला, "नाय गो बाय, घराकडेच आसंय." मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. मला माझीच लाज वाटली.

फोन ठेवून तो चिकटपट्टी घेऊन वायर जोडायला बसला. मी चहा नेऊन दिला, तो प्यायला. माफी मागायला तोंड उघडलं आणि विचारलं, "साखर पुरे?"

ते अकरा दिवस मी गावभर सांगितले होते. हा एक दिवस आजपर्यंत कुणालाच सांगितलेला नाही.