दारावर न लागलेली पाटी

शेखरचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "ताई, मेधा गेली," एवढंच म्हणाला. मेधा म्हणजे शेखरची बायको, माझी धाकटी भावजय. सकाळी डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, दुपारी हॉस्पिटलात मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं आणि संध्याकाळी... त्याला आता महिना उलटून गेला. या महिन्यात कुणी मला फारसं रडताना पाहिलं नाही, त्यावरून कुजबुजही झाली म्हणे. होऊ दे. मला रडू येत नाही, संताप येतो. भेटायला आलेल्या शेखरच्या ऑफिसातल्या मंडळींनी तर कमालच केली. जो तो निघताना म्हणे, "वहिनींना किती छान छंद होता!" छंद म्हणे! यांच्यातल्या निम्म्यांच्या दारावर तिच्या हातच्या पाट्या आहेत.

मेधा अमरावतीकडची. तिकडे शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न होऊन नारायण पेठेत आमच्याच इमारतीतल्या दोन खोल्यांत आली, तेव्हा शेखर नुकता सॉफ्टवेअरमध्ये चिकटला होता आणि कॉम्प्युटर येतो म्हणजे जग जिंकलं अशा थाटात वावरत होता. हिला इथे नोकरी मिळेना. गल्लीतल्या बोर्डवाल्याकडून तिने पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे उरलेले तुकडे आणले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरच काम मांडलं. दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं हातात धरायचं बारीक मशीन, तुकड्यावर उलटा चिकटवलेला नक्षीचा कागद आणि नाकाला बांधलेला ओढणीचा पदर. कोरायचं मागून, म्हणजे पुढून हात फिरवला तरी पाटी गुळगुळीत लागते. मशीन जरा जास्त रेटलं की अ‍ॅक्रिलिक वितळून टोकाला चिकटायचं, मग ती स्वतःशीच बडबडायची, "बघा न, घाई केली की असं होते." पांढरी भुकटी सगळीकडे उडायची. शेखर डबा उघडताना त्यावर फुंकर मारायचा आणि वर मला सांगायचा, "टाइमपास आहे गं तिचा."

तिची एक रीत होती. अ‍ॅक्रिलिकच्या दोन्ही बाजूंना कारखान्यातूनच कागद चिकटवलेला येतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. पुढचा कागद ती कधीच काढायची नाही. पाटी तशीच द्यायची आणि बजावायची, "दारावर लावा, घरातले सगळे बाहेर उभे राहा, मग काढा." ज्याचं घर त्यानेच आपलं नाव पहिल्यांदा बघायचं, असा तिचा हट्ट. बोलावलं तर हौसेने जायची. मी एकदा कोथरूडला गेले होते तिच्याबरोबर. एक आजोबा सावकाश कागद सोलत होते, आणि मेधा जिन्यात उभी राहून लहान मुलीसारखी ओठ चावत होती.

शेखरने वारज्याला फ्लॅट बुक केला त्याच आठवड्यात तिने स्वतःच्या घराची पाटी केली. दोघांची नावं आणि खाली काट्यांसकट बाभळीची फांदी, तिची गोंडेदार फुलं. "दारावर बाभूळ कोण काढतं?" शेखर म्हणाला. "आमच्या घरासमोर होती न," ती म्हणाली. पाटी कागदासकट साडीत गुंडाळून ठेवली. बिल्डरने ताबा द्यायला वर्षं लावली, ते सोडा. पण ताबा मिळाल्यावर शेखर म्हणाला, रंग होऊ दे. रंग झाला तर, फर्निचर होऊ दे. फर्निचर झालं तर साहेब अमेरिकेला. परत आले ते इंटिरिअरवालीला घेऊन, आणि त्या बाईने निकाल दिला की अ‍ॅक्रिलिक लॉबीला शोभत नाही. दारावर पितळेची पाटी लागली. रेडिमेड, एकट्या शेखरच्या नावाची. आणि मेधाची गेली माळ्यावर, सुटकेसच्या मागे. याच काळात शेखरच्या टीममधल्या पोरांसाठी तिने एकामागून एक पाट्या कोरल्या, कारण शेखरच ऑर्डरी आणायचा! बाणेरपासून हडपसरपर्यंत लोक तिचे कागद सोलत होते, आणि ही बाई रोज दुसऱ्याच्या आवडीचं पितळ पुसून घरात शिरत होती.

मागच्या दिवाळीत मी न राहवून विचारलं, "अगं, तू बोलत का नाहीस त्याला?" ती हसली. "बोलते न ताई. ते 'हो' म्हणतात." तो 'हो' मला अजून टोचतो. 'नाही' म्हणाला असता तर ती भांडली तरी असती. 'हो' म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

तेराव्यानंतर शेखरने पितळेची पाटी उतरवली आणि माळ्यावर चढला. मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत बसले. आता? आता कुणाला दाखवायची आहे? थोड्या वेळाने त्याची हाक आली. इतकी वर्षं माळ्यावरच्या उन्हाळ्यात राहून पुढचा कागद पाटीला घट्ट बसला होता. नखाने ओढला की चिमूटभर तुकडा निघे, बाकीचा तसाच. "ताई, हा कसा काढायचा असतो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मला काय विचारतोस? जिला विचारायचं तिला विचारायला भरपूर वेळ होता तुझ्याकडे." माझे शब्द त्याला लागले. लागावेत म्हणूनच बोलले होते.

तेव्हापासून तो रोज ऑफिसला जाण्याआधी दाराशी स्टूल घेऊन बसतो. मांडीवरच्या पाटीवर ओलं फडकं ठेवतो, वाट पाहतो, बोटाच्या पेराने कागद चोळत राहतो. चाकू लावत नाही, ओरखडा पडेल म्हणून. परवा म्हणाला, "जरा धरतेस का?" मी धरली नाही. त्याचं त्यानेच काढायला हवं. काल मी गेले तेव्हा बाभळीचे काटे मोकळे झाले होते आणि मेधाचं नाव पूर्ण दिसत होतं. शेखरचं अजून कागदाखालीच आहे. ते तसंच राहिलं तरी माझी हरकत नाही.