मागं बघत चालणारी जीप

एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या मागं दुसरा उभाच असतो, अन् आमच्या जीपचं तर विचारूच नका! मी येरमाळ्याजवळच्या वाशीकडची जनावरांची डॉक्टर. लस गार राहावी म्हणून जीपच्या बॅटरीवर चालणारा, मोठ्या पेटीएवढा फ्रिज घेतला. लस तापली की वाया. अन् आमचे रस्ते म्हणजे दगड, चढ, ओढे. फ्रिजनं जागेवर बसावं, एवढीच माझी इच्छा. तेव्हापासून माझी मान कायम मागं वळलेली!

*

पहिल्या दिवशी तो बांधला बप्पांनी. बप्पा म्हणजे आमचे ड्रायव्हर. साठीचे, अर्धं आयुष्य बैलांमागं गेलेलं. म्हशीच्या दाव्यानं अशी गाठ मारली की मीच म्हणाले, "आता नाही हलत!"

पहिल्याच उताराला ब्रेक लागला अन् फ्रिज धाडदिशी माझ्या सीटच्या पाठीवर!

बप्पा उतरले, गाठ तपासली. गाठ शाबूत.

"मॅडम, गाठीचा दोष न्हाय. जनावर कसं, उतार आला की पाय रोवतंय. ह्याला पायच न्हायत!"

*

येरमाळ्याला हायवेवर सलीमचाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. चाचांनी मापं घेतली, लोखंडी चौकट केली, खाली चार बोल्ट, वरून एक आडवी पट्टी. मी धक्का मारून बघितला. जीप हलली, फ्रिज नाही!

खुशीत लस ठेवायला झाकण उचललं, तर बोटभर उघडून ते पट्टीला अडकलं.

"चाचा, हे उघडायचं कसं?"

चाचांनी शांतपणे चष्मा पुसला. "डॉक्टरबाई, हलायला नको, असं तुम्ही बोलल्या. उघडायचं कुठं बोलल्या?"

*

मग चाचांनी पट्टी काढली अन् चौकट रुळावर बसवली. ड्रॉवरसारखा फ्रिज मागं ओढायचा, झाकण उघडायचं, परत आत ढकलायचा. लई भारी काम! "फ्रिज अडकवायची खिटी तेवढी उद्या लावतो," म्हणाले. पण मला दम कुठला? तसेच अणदूरला निघालो.

एका चढाला मागचा मोटारसायकलवाला हात हलवायला लागला. "वळखीचा दिसतोय," म्हणत बप्पांनीही हात हलवला. त्यानं आणखी जोरात हलवला. बप्पांनीही! शेवटी तो शेजारी आला अन् ओरडला, "मामा, रामराम मागनं करा! तुमचं कपाट बाहेर आलंय!"

मागचं दार सताड उघडं, अन् फ्रिज अर्धा बाहेर लोंबत होता. नेमकी त्याच दिवशी माझी मान पुढं होती!

*

खिटी लागली, तर खड्ड्याखड्ड्याला वायरची पिन निसटायला लागली. पिन निसटली की फ्रिजवरचा हिरवा दिवा जायचा. दर धक्क्याला मी वळून बघायची. माझी तगमग बघून बप्पांनी पुढं वर एक आरसा चिकटवला, बसल्या जागेवरून दिवा दिसावा म्हणून.

दुसऱ्याच दिवशी जीप थेट काळ्या रानात! चाकं चिखलात रुतलेली, मी दाराला चिकटलेली. अन् बप्पांची नजर अजून आरशातच.

"काळजी करू नका मॅडम. दिवा लागलाय!"

*

अन् हा ओढ्याचा. पलीकडच्या वस्तीवर जनावरं टोचायची होती. शेजारच्या गावात गुरांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या होत्या, त्यामुळं एक दिवसही घालवून चालणार नव्हतं. ओढ्यावरची पुलाची फरशी वाहून गेलेली. पाणी गुडघाभर, पण मधे चाक अडकेल अशी घळ. माणूस जाईल, जीप नाही. पलीकडं गुरं बांधून लोक वाट बघत होते. त्या दिवशी सगळी जनावरं टोचून झाली, पण कशी ते ऐका.

फ्रिज आल्यापासून माझा बर्फाचा जुना डबा घरीच धूळ खात पडलेला. म्हणून मी ठरवलं, फ्रिजच काढून डोक्यावर न्यायचा! पण चाचांचे बोल्ट गंजून घट्ट बसलेले. बप्पांनी पाना लावला, पाना घसरला. दगडानं ठोकलं, बोट ठेचलं. पलीकडून दोघंजण आले, त्यांनीही जोर लावला. तास गेला. ऊन चढलं. माझा जीव नुसता खालवर! वायर काढलेली, म्हणून सारखं झाकण उघडून मी आतल्या बर्फाच्या पिशव्या चाचपत होते.

रानात निघालेली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "लेकी, औषिद केवढं हाय गं?"

मी बाटली दाखवली. बोटाएवढी. अशा सगळ्या मिळून पाच.

म्हातारीनं बाटलीकडं बघितलं. फ्रिजकडं बघितलं. घामानं निथळणाऱ्या तीन गड्यांकडं बघितलं. मग भाकरीचा डबा उघडला, भाकरी बप्पांच्या हातात दिल्या अन् रिकामा डबा माझ्यापुढं धरला.

"ह्यात बर्फासकट बसतंय का बघ!"