भेगेवरची काच

शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्यात आणि मांडण्यात प्रयोगकाकूंची नोकरी सरत आली होती. हे नाव आम्हीच पाडलेलं. काही समजावून सांगायचं झालं की त्यांच्या तोंडाआधी हात चालायचे. दूध का नासतं विचारलं तर लगेच दोन वाट्या मांडून बसायच्या. त्यांचे यजमान म्हणायचे, "हिला किती वाजले ते विचारू नका. घड्याळ उघडून दाखवेल."

शेजारच्या जागेत नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणायला घेतला आणि आमच्या बिल्डिंगच्या भिंतींना भेगा पडू लागल्या. आधी केसासारख्या बारीक होत्या, मग त्यांत नख जायला लागलं. खाली मशीन धडधडलं की कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या. "जुनी बिल्डिंग, चालायचंच," असं आम्ही एकमेकींना सांगायचो आणि स्वयंपाकाला लागायचो.

काकूंनी एका रविवारी सगळ्यांना जिन्याखाली बोलावलं. घमेल्यात ओली वाळू थापून तिच्यावर वीट उभी केली आणि शेजारची वाळू चमच्याने काढायला लागल्या. वीट जागची हलेना.

"काकू, वीट तुमच्यावर गेलीय. हट्टी!" कोणीतरी म्हणालं.

हसू ओसरायच्या आत वीट कलली. पडली नाही, तशीच तिरकी राहिली. ते पडण्यापेक्षा वाईट दिसत होतं.

"म्हणजे आपलंही...?" चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. भेग जागच्या जागी असेल तर राहू. वाढत असेल तर निघायचं. पण वाढतेय की नाही ते कळायला हवं ना?"

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या बोटभर काचपट्ट्या त्यांनी शाळेतून मागून आणल्या होत्या. घरोघरी जाऊन प्रत्येक भेगेवर एक आडवी पट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवली. भिंत सरकली तर काच तुटेल, तुटली की मला हाक मारा, असं सांगत गेल्या. लहानथोरांच्या लक्षात राहावं म्हणून सोपं करून म्हणाल्या, "काच शाबूत तर आपण शाबूत." ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मग घराघरांत पहारा सुरू झाला. एक डोळा दुधावर, एक काचेवर. काही टक्‌ वाजलं की चार दारं उघडायची. शाळेतून आल्या की काकू सगळ्या घरांत फेरी मारायच्या. दुसऱ्या मजल्यावर, अगदी खड्ड्याच्या बाजूला, अंथरुणाला खिळलेली म्हातारी सासू आणि तिची सून राहायच्या. सून दारातूनच सांगायची, "आमची एकदम छान आहे हो काकू. सासूबाईंचा आत्ताच डोळा लागलाय." काकू हायसं वाटून वर जायच्या.

एका दुपारी सूनच त्यांच्याकडे आली. "काकू, आतलं दार लागत नाहीये. तुमच्या ओळखीचा सुतार आहे का?"

दार लागत नाही म्हणजे चौकट सरकली असणार, म्हणून काकू तशाच तिच्यामागून खाली उतरल्या. सासूबाईंच्या उशाशी, भिंतीवर, तळहाताएवढी, चांगली जाड अशी काच बसवलेली होती.

"ही कोणी लावली?"

"मीच. तुमची तुटली. तुम्ही जास्तीची दिली होतीत ती लावली, तीही तुटली. म्हटलं, पातळ आहेत, त्यांना भिंत झेपत नाही. मग टीपॉयची काच कापून आणली. आता बघा, साधा तडासुद्धा नाही!"

"अगं, हाक का नाही मारलीस मला?"

"तुम्ही दमून येता. आणि काच शाबूत तर आपण शाबूत, तुम्हीच म्हणालात ना?"

काकूंनी काचेला बोट लावलं. काच खरंच शाबूत होती. फक्त तिचं एक टोक भिंतीचा पोपडा घेऊन सुटलं होतं आणि मागच्या भेगेत त्यांचं बोट गेलं.

"सासूबाईंना उचल," त्या म्हणाल्या. "आत्ता. खुर्चीवर बसव."

पुढचा वेळ नुसत्या आरडाओरड्याचा. वरून मुलं, पिशव्या, गॅस बंद केला का, कुलूप राहू दे. खुर्चीसकट जिन्यावरून उतरवताना म्हातारी ओरडत होती, "माझा चष्मा!"

"घेतलाय, आई."

"आणि दात?"

"दातही घेतलेत. तुम्ही आधी तोंड मिटा!"

नगरपालिकेचा इंजिनिअर आला, त्याने भेग बघितली. त्याने खड्ड्याचं काम थांबवलं आणि आमच्या फाटकाला सील ठोकलं. "पडेल का हो?" आम्ही विचारलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला. आम्ही पांगलो, कोणी भावाकडे, कोणी शाळेच्या वर्गांत. बिल्डिंग अजून उभी आहे. तिच्या सावलीतून कोणी चालत नाही.

खड्ड्याच्या पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बायकांनीही आमचं ऐकून काचा लावल्या होत्या. कळल्याबरोबर काकू घमेलं घेऊन तिकडे गेल्या, आणि सुनेलाही घेऊन गेल्या. वीट कलल्यावर त्यांनी 'काच शाबूत तर आपण शाबूत' हे नेहमीचं वाक्य सांगितलं नाही. सुनेला म्हणाल्या, "तू बोल."

सुनेने पदराचं टोक मुठीत धरलं. "मला वाटलं होतं, काच भिंतीला धरून ठेवते."

कोणी हसलं नाही. मागे बसलेली, पोर कडेवर घेतलेली एक बाई हळूच उभी राहिली.

"म्हणजे, धरून ठेवत नाही?"

काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला. "तुमचं घर कुठल्या मजल्यावर, बाई?"