गाळलेली ओळ

“आधी ह्यांचं बघा, माझं काय पळून चाल्लंय व्हय?” दवाखान्याच्या दारात उभे राहून ते म्हणायचे आणि सोबतच्या माणसाला पुढे करायचे. कुणाला विंचू चावलेला, कुणाचा ताप उतरत नसलेला. वडगाव रासाईहून जीपमधून कुणीही आलं, की बरोबर हे असायचेच. मी त्यांना आबा म्हणायचे.

मुलांनो, नव्वदचं दशक संपत आलं होतं. दौंडच्या एका छोट्या दवाखान्यात मी कागदपत्रं सांभाळायचे. ऑपरेशनच्या संमतीचा कागद इंग्रजीत असे. तो पेशंटला मराठीत सांगणं माझं काम. एकेका ओळीवर बोट ठेवून मी सांगायचे. आपल्या टापटिपीचा मला जरा गर्वच होता.

आबा बाकावर कधी बसत नसत. “बसलो की झोप लागती,” म्हणायचे. झेंडूच्या शेतात राबणारा माणूस, असेल दमत, असं आम्हाला वाटायचं. अशी उभी राहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण कारण विचारत नाही.

कारण कळलं ते एका सकाळी. त्या दिवशी त्यांनाच लेकीनं आणलं होतं. उलट्या होऊन गळालेले, जीपच्या सीटवर आडवे. जांघेतला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, वीस वर्षं वाढत गुडघ्याला टेकला होता. जुन्या लुगड्याची झोळी शिवून, ती धोतराच्या आत कमरेला बांधून ते तो सांभाळत होते. लेकीलाही पत्ता नव्हता.

सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, “आतडं अडकलंय. पुणं गाठायला वेळ नाही. पण आत घालायचीही भीती वाटते. इतक्या वर्षांत पोटात त्याला जागाच उरलेली नाही. सगळं परत कोंबलं तर छातीवर दाब येईल, दम कोंडेल. नीट सांगा त्यांना.”

मी सांगितलं. दमाचं सांगितलं, जिवाच्या धोक्याचं सांगितलं. पुढची ओळ होती, की फट नीट बंद करण्यासाठी त्या बाजूचं वृषण काढावं लागेल. शेजारी लेक उभी. समोर माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. माझं बोट ती ओळ सोडून खालच्या ओळीवर गेलं. आबांनी सावकाश सही केली.

कागद फाइलला लावताना ती गाळलेली ओळ पुन्हा समोर आली. मी परत गेले, लेकीला चहा आणायला पाठवलं आणि जमिनीकडे बघत ती ओळ सांगितली.

“बोटानं उडी मारली तवाच कळलं,” आबा म्हणाले. “म्हनलं, बाई काय तरी गिळत्यात.”

“मग विचारलं का नाही?”

“तुम्ही लाजला. मी वीस वरसं लाजलो. कुनी कुनाला विचारावं?” ते हसायला गेले आणि कळ आली. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, “आन् दमाचं? त्यातलं तर काय ऱ्हायलं न्हाई? मला त्येचंच भ्या हाय.”

“नाही, आबा.”

ऑपरेशन पार पडलं. काळा पडलेला आतड्याचा तुकडा काढला, बाकीचं कसंबसं आत बसलं. पण पोट ताणून टणक झालं आणि दुसऱ्या दिवसापासून आबा घोटाघोटानं श्वास घेऊ लागले. मी हातातलं घड्याळ बघत त्यांचे श्वास मोजायचे. कुणी सांगितलं नव्हतं. मिनिटाला तीस. मग छत्तीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर्जननी त्यांना पुण्याला, श्वासाच्या यंत्रावर न्यायचं ठरवलं. पुन्हा कागद आला.

“बाई... समदं... वाचा.”

लेकीसमोर सगळं वाचलं. घशातली नळी, यंत्र, वाटेत काय होऊ शकतं तेही. मी दोनदा अडखळले. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवून पुढे जायला सांगितलं. सही अर्धीच झाली, पेन घसरलं.

“भ्या... ग्येलं न्हाई,” ते म्हणाले. “पन... कळलं.”

पुढे काही दिवसांनी लेक कागद न्यायला आली. गाडीत वडील प्रत्येक श्वासाला तिच्या मनगटावर बोट दाबत होते, म्हणाली. वरवंडच्या पुढे बोट थांबलं. तिनं ते ड्रायव्हरला लगेच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यानं गाडी हळू केली असती.